फ्रेम कशाची, गुरुजी?

देवळीत डोंगर नाही. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की अठरा-एक किलोमीटरवर हे गाव येतं आणि तोवर चढ म्हणून जो काही लागतो तो पुलांचा. बाकी सगळी काळी जमीन: पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि पुन्हा पऱ्हाटी. टेकडी चढायची हौस असली तर वर्ध्याची हनुमान टेकडी गाठावी लागते. डोंगरच पाहायचा असेल तर चिखलदऱ्याची गाडी धरावी लागते. तरीही शाळकरी पोरापासून पतसंस्थेच्या क्लार्कपर्यंत ज्याने म्हणून अलीकडे नवी सायकल घेतली, त्याने ‘माउंटन बाइक’च घेतली. जाड टायर, पुढे शॉकअप आणि एकवीस गिअर. यातले वीस गिअर देवळीत लागत नाहीत आणि एकविसावा पडत नाही.

गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींची साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. चालणं फुकट असतं, म्हणून त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. गुरुजींनी सायकल घ्यायचं ठरवलं. इथवर सगळं ठीक होतं. पण घ्यायच्या आधी त्यांनी पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला फोन लावला.

‘‘मामा, सायकल म्हणजे फ्रेम. बाकी सगळं बदलता येतं. आधी मटेरियल ठरवा.’’

त्या रात्री भाच्याने पाठवलेले व्हिडिओ गुरुजींनी दीड वाजेपर्यंत पाहिले. सकाळी ते उठले ते चार पदार्थांच्या घनता पाठ करूनच. पोलाद ७.८५, टायटॅनियम ४.५, ॲल्युमिनियम २.७ आणि कार्बन फायबरचा पत्रा १.६ च्या आसपास. चहा घेताना बायकोने विचारलं, ‘‘अहो, साखर किती घालू?’’ तर म्हणाले, ‘‘घनसेंटिमीटरला किती ग्रॅम?’’

दुकानदाराला अशा गिऱ्हाइकाची सवय नव्हती. त्याच्याकडे लोक रंग विचारत, किंमत विचारत, फार तर ‘डिस्क ब्रेक हाय का’ विचारत. गुरुजींनी आल्या आल्या विचारलं, ‘‘क्रोमोली आहे का?’’

‘‘नाई जी. लाल हाय आन् निळी हाय.’’

क्रोमोली हा रंग नसून क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद आहे, त्याला ४१३० असा नंबर आहे, त्यात साधारण एक टक्का क्रोमियम असतं, हे सगळं गुरुजींनी फळ्याविना समजावलं. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि एका लाल सायकलकडे बोट दाखवलं. ‘‘ही घ्या. पुरी अलॉयची हाय.’’ फ्रेमवर खरंच तसं चकचकीत स्टिकर होतं. गुरुजींनी खिशातून जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक काढलं आणि दांड्याला लावलं. चुंबक खट्‌कन असं चिकटलं की काढायला दोघे लागले. दुकानदार जराही गांगरला नाही. ‘‘सर, ते स्टिकर रिमचं हाय. रिमवर जागा नव्हती, म्हनून फ्रेमवर लावलं.’’

त्या दिवसापासून चुंबक कायम गुरुजींच्या खिशात राहिलं आणि देवळीतल्या सायकलींना चैन उरली नाही. शाळेच्या सायकल स्टँडवर, बँकेसमोर, लग्नाच्या मांडवाबाहेर गुरुजी दिसेल त्या दांड्याला चुंबक लावू लागले. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. कार्बनला आणि टायटॅनियमलाही ते चिकटत नाही, पण तो प्रश्न देवळीत उद्भवला नाही. एका पालकाला वाटलं, शाळेने सायकल तपासणीची नवी योजना आणली. त्याने रांगेत उभं राहून विचारलं, ‘‘गुरुजी, आमच्या पोट्टीची पास झाली का?’’

बसस्टँडजवळच्या चहाटपरीवर मग पक्ष पडले. लोखंडाचा पक्ष अर्थातच मोठा. देवळीच्या एमआयडीसीत लोखंडी सळया तयार होतात, त्यामुळे टपरीवर येणाऱ्या दर चौथ्या माणसाच्या घरी त्या भट्टीवर पगार येतो. ‘‘गावात लोखंड बनून रायलं आन् तुमी ॲल्युमिनियम घेता? मंग भगोने कायचे घ्याल?’’ असा त्यांचा सवाल. शिवाय गाव कुस्तीचं. माजी खासदार रामदास तडस हे इथलेच विदर्भ केसरी. अशा गावात ‘हलकं’ हे विशेषण कुणी कौतुकाने वापरत नाही.

या पक्षाची बाजू इतिहासानेही भक्कम केली होती, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. माउंटन बाइक जन्माला आली तीच मुळी भंगारातून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस डोंगरावरून काही रिकामटेकडे तरुण १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या, पोलादी सायकली खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा. उतरता उतरता तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा. शर्यतीचं नावच त्यावरून ‘रीपॅक’ पडलं. पुढच्या वर्षी जो ब्रीझ नावाच्या गड्याने या उद्योगासाठी खास फ्रेम बनवली ती क्रोमोलीची. १९८१ साली बाजारात आलेली स्टम्पजंपर, म्हणजे कारखान्यात घाऊक तयार झालेली पहिली माउंटन बाइक, तीही पोलादीच. गुरुजींनी हे टपरीवर सांगितलं तेव्हा लोखंडाच्या पक्षाने एकमताने त्यांना चहा पाजला. मग गुरुजींनी प्रामाणिकपणाने पुढचं सांगितलं की देवळीत मिळते ती फ्रेम क्रोमोलीची नसून हाय-टेन म्हणजे साध्या पोलादाची असते. ते क्रोमोलीपेक्षा दुबळं, म्हणून नळ्या जाड ठेवाव्या लागतात आणि सायकल जड होते. चांगल्या पोलादाची नळी टोकांना जाड आणि मधे बारीक करतात. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्येच पेटंट केली होती. चहाचे पैसे गुरुजींना द्यावे लागले.

ॲल्युमिनियमच्या पक्षाचे पुढारी वीज कंपनीतले एक लाइनमन. तालुक्यावरून जाणाऱ्या उच्चदाब तारांकडे बोट दाखवून ते म्हणत, ‘‘थे वरतं काय हाय? ॲल्युमिनियमच न? पुरा जिल्हा त्यावर लटकून रायला.’’ लोखंडवाल्यांपैकी एकाने शोध लावला की त्या तारेच्या मधोमध पोलादाची दोरी असते. वाद पुन्हा बरोबरीत आला. वास्तविक तारेतले दोन्ही धातू वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदताहेत. ॲल्युमिनियम वीज वाहतं, पोलाद वजन पेलतं. पण टपरीवर असल्या तडजोडीला कुणी विचारत नाही.

ॲल्युमिनियमची भानगड मोठी गमतीची आहे. ते पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं हलकं, पण ताठपणाही तिसराच हिस्सा. मग ताठपणा आणायचा कसा? नळी फुगवून. पत्रा तेवढाच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर ताठपणा आठपट होतो आणि वजन मात्र दुप्पटच. म्हणून ॲल्युमिनियमच्या सायकलींचे दांडे जाडजूड दिसतात. पाहणारा म्हणतो, ‘‘दांडा पाहा, किती दणकट!’’ दणकटपणा पोकळीत असतो, हे गुरुजींना फार आवडलं. त्यांनी ते स्टाफरूममध्ये सांगितलं. मुख्याध्यापकांनी मान वर न करता म्हटलं, ‘‘कुणाविषयी बोलताय?’’

मग निघाला धातूच्या थकव्याचा विषय. पोलाद आणि टायटॅनियम यांना एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली राहिला तर कितीही वेळा पडो, धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यात थोडा का होईना, जमा होतो. कारखानदार हे ओळखून ॲल्युमिनियम भरपूर वापरतात, त्यामुळे बऱ्या बांधणीची फ्रेम साध्या वापरात वर्षानुवर्षं टिकते. पण हे दुसरं वाक्य व्हिडिओच्या शेवटी होतं आणि तोवर गुरुजींचा डेटा संपला होता.

कार्बनचा पक्ष एका माणसाचा होता. तो मोबाइल दुरुस्त करतो आणि नागपूरला वरचेवर जातो. त्याचं म्हणणं, सगळे मोठे स्वार कार्बनच वापरतात. दाखल्यादाखल तो नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं नाव घ्यायचा. त्यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही. टपरीवाला कप विसळता विसळता म्हणाला, ‘‘सायकल कायची का असंना, पाय तं त्यायचेच होते न?’’ या मुद्द्यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

तरी खात्री करावी म्हणून गुरुजी नागपूरच्या एका बड्या दुकानात गेले. तिथे एसी होता आणि सायकली भिंतीवर टांगलेल्या होत्या. कार्बनची फ्रेम त्यांनी दोन बोटांनी उचलली. जेमतेम सव्वा किलो! किंमत ऐकल्यावर मात्र तीच फ्रेम दोन हातांनी खाली ठेवली. व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे त्यांनी रुपयाचं नाणं काढून फ्रेमवर टकटक केली. आतले थर सुटलेले असले तर आवाज बद्द येतो म्हणतात. दोन पोरं धावत आली. एकाने फ्रेम धरली, दुसऱ्याने गुरुजींना. कार्बनला आपटलेलं बाहेरून दिसत नाही, आणि स्क्रू किती पिळायचा ते न्यूटन-मीटरमध्ये ठरलेलं असतं, असं त्या पोरांनी समजावलं. गुरुजींना देवळीचा सायकल मिस्त्री आठवला. तो कुठलाही बोल्ट पान्यावर उभा राहून आवळतो आणि ‘आता नाई सुटत’ म्हणतो.

‘‘आणि देवळीत सेहेचाळीस अंश होतं हो. वितळणार नाही ना?’’ गुरुजींनी विचारलं. चांगल्या फ्रेममधली राळ शंभर अंशांच्या पुढेही तग धरते, तेव्हा उन्हाने काही होत नाही. ‘‘काका, तुम्हीच आधी वितळाल,’’ असं पोरगं म्हणालं. ते खोटं नव्हतं.

टायटॅनियमची चौकशी त्यांनी निव्वळ ज्ञानासाठी केली. गंजत नाही, थकत नाही, पोलादाहून बरंच हलकं. आणि नुसत्या फ्रेमची किंमत लाखाच्या वर. जोडताना आर्गॉन वायूचं पांघरूण घालावं लागतं, नाहीतर हवा लागून जोड ठिसूळ होतो. वाईट एवढंच वाटतं, की त्याचं खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत पडलेलं आहे आणि आपण तिथे जाऊन आंबे आणतो. परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थाने बांबूचा पर्याय सुचवला. तोही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इंग्लंडात १८९४ सालीच बांबूच्या सायकली निघाल्या होत्या आणि पुण्यातही अलीकडे बनल्या आहेत. पण गुरुजींच्या डोक्यात आता पाचवा पदार्थ मावेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, वाद पुरे, प्रत्यक्ष वजन करू. शेजाऱ्याची हाय-टेनची आणि लाइनमनच्या पोराची ॲल्युमिनियमची अशा दोन सायकली घेऊन ते कापसाच्या जिनिंगवरच्या काट्यावर गेले. काटेवाला म्हणाला, ‘‘गुरुजी, हा काटा ट्रक मोजाले हाय. दहा-दहा किलोनं उडते.’’ गुरुजींनी ऐकलं नाही. एक सायकल घेऊन उभे राहिले: १०० किलो. दुसरी घेऊन उभे राहिले: १०० किलो. छापील पावतीही मिळाली. तीत वाहन क्रमांकाच्या रकान्यात ‘सायकल’ आणि मालाच्या रकान्यात ‘गुरुजी’ लिहिलं होतं. दोन सायकलींतला दोन-अडीच किलोंचा फरक काट्याने गिळून टाकला आणि गुरुजींचं वजन मात्र छापून दिलं. त्या पावतीवर घरी जी चर्चा झाली तिचा विषय फ्रेमचा नव्हता.

परतताना ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात डोकावले. ‘‘फ्रेम मोडली तर जोडता येईल का?’’

वेल्डरने काळी काच वर केली. ‘‘लोखंड आना, जोडून देतो. ॲल्युमिनियम आना, भोक पाडून देतो.’’

‘‘आणि कार्बन?’’

‘‘एम-सील लावून देतो.’’

इतकी प्रामाणिक तुलना कुठल्याच व्हिडिओत नव्हती. पोलाद साध्या रॉडनेही जोडलं जातं. ॲल्युमिनियमला आर्गॉनची टॉर्च लागते, शिवाय जोडाजवळचा धातू मऊ पडतो, म्हणून कारखान्यात ६०६१ नंबरच्या ॲल्युमिनियमची फ्रेम जोडल्यानंतर सगळीच्या सगळी भट्टीत घालून पुन्हा कडक करतात. देवळीत एवढी मोठी भट्टी आहे, पण ती सळयांची आहे.

एवढं सगळं झाल्यावर गुरुजींनी ॲल्युमिनियमची घेतली. कारण काय? दुकानात तीच त्यांच्या उंचीची होती.

पहिल्याच दिवशी मनगटं सुजली. टपरीवर लोखंडाच्या पक्षाने फटाके तेवढे लावायचे बाकी ठेवले. ‘‘सांगतलं होतं का नाई? ॲल्युमिनियम दनके मारते. लोखंड कसं, लवते!’’ हे वाक्य जगभर, सगळ्या भाषांत, अगदी याच आत्मविश्वासाने म्हटलं जातं. चार दिवस गुरुजी मनगटाला बाम चोळत होते. मग भाचा सुट्टीला आला आणि त्याने टायर दाबून पाहिला. तो दबेना. ट्रकच्या टायरवाल्याकडे हवा भरली होती आणि त्याने ‘गुरुजींची हाय’ म्हणून आदराने दुप्पट भरली होती. निम्मी हवा सोडल्यावर ॲल्युमिनियम एकदम लोखंडाहून मऊ झालं. दोन इंची टायर खड्ड्यात जेवढा दबतो त्याच्यापुढे फ्रेमचं उभं लवणं, मग ती कशाचीही असो, कुठेच लागत नाही. किती हवा भरावी ते टायरच्या कडेला ठसठशीत उठवलेलं असतं. देवळीत काय आणि पुण्यात काय, ते वाचायची पद्धत नाही.

हलकेपणाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. माउंटन बाइकला स्टँड नसतो, कॅरिअर नसतं, मडगार्ड नसतं. गुरुजींच्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘दळणाचा डबा ठेवू कुठे?’’ कॅरिअर आलं. मग स्टँड, दोन मडगार्ड, पुढे टोपली, घंटी, आणि हलकी सायकल चोर उचलून नेईल या भीतीने जाड साखळी-कुलूप. या साऱ्याचं वजन फ्रेममध्ये वाचवलेल्या वजनाच्या दुप्पट भरलं. तसं पाहिलं तर स्वस्तातल्या सायकलीचं वजन मुळात फ्रेममध्ये नसतंच. ते पुढच्या स्प्रिंगच्या शॉकअपमध्ये आणि चाकांत दडलेलं असतं. पण शॉकअप काढून टाका म्हणणाऱ्याला दुकानदार हसतो आणि पोरं रडतात.

आणि तो थकवा! गुरुजींच्या मनातून तो जाईना. खड्डा दिसला की ते उतरत, सायकल हातात धरून पलीकडे नेत आणि पुन्हा बसत. देवळीच्या रस्त्यांवर हिशेब असा बसला की ते बसण्यापेक्षा चालतच जास्त. लोक विचारत, ‘‘काऊन जी गुरुजी, पंक्चर झाली का?’’ गुरुजी म्हणत, ‘‘नाही, फ्रेमला आराम देतोय.’’ पुढच्या तपासणीत साखर खाली आली. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि कागदावर लिहिलं, ‘सायकलिंग चालू ठेवा.’

खरी परीक्षा घेतली ती पावसाळ्यातल्या पांदणीने. काळी ओली माती चाकाला अशी धरते की वीस-पंचवीस पावलांत टायर, चिमटा आणि ब्रेक यांचा एकच गोळा होतो आणि चाक फिरायचं थांबतं. गुरुजी, लाइनमन, लोखंडवाला आणि मोबाइलवाला असे चौघे चार सायकलींसह एका शेताच्या वाटेत अडकले. मोबाइलवाल्याने नागपूरहून मित्राची कार्बनची हौसेने मागून आणली होती. चारही फ्रेमना चिखल सारखाच लागला. तेवढ्यात मागून एक शेतकरी जुनी काळी, दांडी-ब्रेकची, वीसेक किलोची सायकल खांद्यावर घेऊन आला आणि त्यांच्या शेजारून निघून गेला.

तेव्हा देवळीपुरता निकाल असा: बजेट वीस हजारांच्या आत असेल तर ॲल्युमिनियम घ्या, क्रोमोली कुठे परवडत्या भावात मिळाली तर तीही डोळे मिटून घ्या, कार्बन आणि टायटॅनियमचे व्हिडिओ पाहा. फ्रेम आपल्या उंचीची आहे ना ते बसून पाहा, टायर आणि चिमटा यांच्यात दोन बोटं शिरतात का ते पाहा, हवा स्वतः मोजून भरा. आणि जुलैत पांदणीने जायचंच असेल तर खिशात पऱ्हाटीची एक काडी असू द्या. चिखल काढायला ती ६०६१ पेक्षा बरी पडते.